उजेड असूनही टोमॅटोची रोपं लांबट का?

कुंडीवेडी: रोपं खिडकीत आहेत, तरी खोडं दोऱ्यासारखी बारीक आणि वीतभर लांब, पानं नखाएवढीच. खत कमी पडतंय का?

हिरवाचाफा: खत अजिबात नको, आणखी लांबतील. खोली उबदार आहे का?

कुंडीवेडी: हो, रात्रीसुद्धा. पण उबेचा इथे काय संबंध?

पानगळ: थेट आहे. रोपात फायटोक्रोम-बी नावाचं प्रथिन असतं. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की ते सक्रिय होतं आणि खोडाच्या लांबण्याला लगाम घालतं. ७३० च्या जेमतेम दिसणाऱ्या गडद लाल प्रकाशात ते पुन्हा सुस्तावतं. गंमत म्हणजे नुसत्या उबेनेही, अगदी अंधारातही, ते लवकर सुस्तावतं! २०१६ मध्ये हे उघड झालं. लगाम सुटला की पीआयएफ-४ हे लांबण्याला चालना देणारं प्रथिन मोकाट, ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक वाढतं, खोड ताणत सुटतं. तुमच्याकडे मंद उजेड आणि रात्रीची ऊब, दोन्ही एकाच बाजूने ढकलताहेत.

कुंडीवेडी: मग आता?

हिरवाचाफा: एखादा दिवा पानांच्या जवळ लावा, रात्री रोपं जरा गार जागी ठेवा. लांबलेलं खोड आखूड व्हायचं नाही. पण टोमॅटोच तो, लावताना खोल पुरा. खोडालाच मुळं फुटतील.