न्यू जर्सी: ठरावीक धड्यांतून मुलीला सूट हवी असेल तर पत्र कुणाला आणि कसं द्यायचं?

रारिटनकाठ:
मुलगी सातवीत आहे, पब्लिक स्कूल, म्हणजे सरकारी शाळा. अडचण तीन ठिकाणी आहे. हेल्थमधलं लैंगिक शिक्षणाचं युनिट, सायन्समधलं बेडकाचं डिसेक्शन, म्हणजे चिरफाड (आम्ही शाकाहारी आहोत आणि तिलाही ते करायचं नाही) आणि इंग्रजीच्या तासाला लावलेली एक कादंबरी. तिन्हींसाठी प्रिन्सिपलना एकच पत्र दिलं तर चालेल का? मार्क कापतात का? २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर शाळेला नाही म्हणताच येत नाही, असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. तो खरा आहे का?

पाटीपेन्सिल:
एकच पत्र देऊ नका. तिन्हींचे नियम वेगळे आहेत. एकत्र लिहिलंत तर ज्याचा हक्क पक्का आहे तेही वादात अडकेल.

आधी हेल्थ. राज्याच्या शिक्षण कायद्याचं कलम १८ए:३५-४.७ बघा. हेल्थ, कौटुंबिक जीवन किंवा लैंगिक शिक्षणाचा एखादा भाग आपल्या सद्सद्विवेकाशी, नैतिक किंवा धार्मिक श्रद्धेशी विसंगत आहे, असं सही केलेलं निवेदन पालकांनी प्रिन्सिपलना दिलं की तेवढ्या भागातून मुलाला सूट द्यावी लागते. त्यामुळे क्रेडिट किंवा ग्रॅज्युएशनवर परिणाम करता येत नाही. पुरावे जोडावे लागत नाहीत, श्रद्धा पटवून देत बसावं लागत नाही. पण निवेदन जायला हवं प्रिन्सिपलकडे. हेल्थच्या टीचरना मेल टाकली की काम झालं असं समजू नका.

घोटाळा होतो तो शब्दांत. ‘मुलीला हेल्थमधून वगळा’ असं लिहिलेलं पत्र परत येतं, कारण हेल्थ, सेफ्टी आणि पीई (शारीरिक शिक्षण) मिळून आठवड्याला १५० मिनिटं कायद्यानेच सक्तीची आहेत. सूट मिळते ती ‘त्या भागापुरती’. म्हणून आधी सातवीची करिक्युलम गाइड मागवा, बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टच्या साइटवर ती असतेच. शिकवण्याचं साहित्य बघायला मागण्याचा हक्क पालकांना केंद्रीय कायद्यानेही आहे. मग युनिटचं नाव, धड्यांची नावं आणि अंदाजे तारखा लिहा. बदली काम काय देणार आणि त्या तासाला मुलगी कुठे बसणार, हे त्याच पत्रात विचारा. युनिटच्या शेवटी क्विझ असेल तर वगळलेल्या भागातले प्रश्न तिला नसावेत, हेही आत्ताच लिहून ठेवा.

आणि एक कळकळीने सांगते. गाइड वाचल्याशिवाय सही करू नका. त्याच युनिटमध्ये पाळी, शरीरातले बदल, नको असलेला स्पर्श आणि तो कुणाला सांगायचा, हेही असू शकतं. तो भाग मुलीला ऐकू द्या. आक्षेप दोन धड्यांना असेल तर दोनच धडे लिहा.

शेवग्याचीशेंग:
डिसेक्शनचं सगळ्यात सोपं, फक्त तारीख चुकवू नका. न्यू जर्सीत बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या पब्लिक स्कूलमधल्या मुलांना प्राणी किंवा प्राण्याचा कुठलाही भाग कापायला नकार देता येतो. म्हणजे बेडूकच नाही, मेंढीचं हृदय किंवा गायीचा डोळाही त्यात आला. वर्गात अंडी उबवण्याचा प्रयोगही येतो.

वर्षाच्या सुरुवातीला शाळेने या हक्काची नोटीस द्यायची असते आणि ती मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पालकांनी कळवायचं असतं. लोक चुकतात ते इथेच. सप्टेंबरमध्ये पोर्टलवर फॉर्मांचा ढीग येतो, आपण सगळीकडे ‘वाचलं’ची टिक करत सुटतो आणि त्यातच ही नोटीस निघून जाते. टिक म्हणजे नकार नव्हे. वेगळी मेल करा: ‘या वर्षी कुठल्याही डिसेक्शनमध्ये मुलगी भाग घेणार नाही, पर्यायी प्रोजेक्ट द्यावा.’ पर्याय म्हणून संगणकावरचं डिसेक्शन किंवा मॉडेल असू शकतं. त्यातून बेडकाची शरीररचना तिला शिकावीच लागेल. नकार दिला म्हणून ग्रेड कमी करता येत नाही.

दुसराबाक:
कादंबरीचं मात्र कठीण आहे, आणि ग्रुपवरचा मेसेज अर्धवट आहे.

तो निकाल म्हणजे महमूद विरुद्ध टेलर, २७ जून २०२५, सहा विरुद्ध तीन. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत एलजीबीटीक्यू पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं लहान वर्गांत वाचून दाखवली जात होती. आधी पूर्वसूचना आणि सूट दोन्ही मिळत होतं, मार्च २०२३ मध्ये तिथल्या शाळा बोर्डाने ते बंद केलं. मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक कोर्टात गेले. खटला चालू असेपर्यंत बोर्डाने ती किंवा तशी पुस्तकं वापरण्याआधी त्यांना कळवावं आणि मुलांना बाहेर बसू द्यावं, असा आदेश झाला. पुस्तकं काढून टाका असं कोर्टाने म्हटलेलं नाही.

त्यातला मुद्दा धर्मपालनाच्या स्वातंत्र्याचा आहे. मुलाला धर्माची शिकवण देण्याच्या पालकांच्या हक्कात धडा खरोखर आड येतोय, हे दाखवावं लागतं. ‘भाषा शिवराळ आहे’, ‘वयाला शोभत नाही’ हे आक्षेप त्यात बसत नाहीत. हेल्थच्या कलमातला ‘सद्सद्विवेक’ इंग्रजीच्या तासाला लागू होत नाही.

तुमचा आक्षेप खरंच धार्मिक असेल तर कुठलं पुस्तक, कुठला भाग आणि आपल्या कुठल्या श्रद्धेशी तो भिडतो, हे चार ओळींत लिहा. नसेल तर धर्माचं नाव पुढे करू नका. सरळ टीचरना भेटून दुसरं पुस्तक मागा. पुस्तक सुरू होण्याआधी विचारलंत तर मिळण्याची शक्यता जास्त. निम्मं वाचून झाल्यावर वेगळा निबंध आणि वेगळी चाचणी तयार करणं टीचरनाही जड जातं.

रारिटनकाठ:
म्हणजे हेल्थचं पत्र प्रिन्सिपलना, डिसेक्शनची मेल वेगळी आणि कादंबरीसाठी टीचरची भेट. डिसेक्शनच्या मेलला उत्तरच आलं नाही तर?

शेवग्याचीशेंग:
मेल सायन्स टीचर आणि प्रिन्सिपल दोघांना एकत्र पाठवा, विषयात मुलीचं नाव, इयत्ता आणि ‘डिसेक्शन’ शब्द ठेवा. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली पुन्हा लिहा, नवी मेल सुरू करू नका, म्हणजे पहिली तारीख दिसत राहते. नोटीस कधी मिळाली तेही पोर्टलवरून स्क्रीनशॉट काढून ठेवा. दोन आठवडे तिथूनच मोजतात.