आधी तापमानाचा काटा बघा

गाडीचं मायलेज लिटरला ११ किलोमीटरवरून ८ वर आलं म्हणून लगेच इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) बदलायला निघू नका. पंधरा-वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलेला असू शकतो. मग इंजिन थंडच आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) जादा पेट्रोल सोडत राहतो. माझ्या जुन्या टू-सीटरमध्ये हेच निघालं, पण तोवर प्लग, एअर फिल्टर सगळं बदलून बसलो होतो!

काटा ठीक असेल तर ऑक्सिजन सेन्सर (इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) स्कॅन करून घ्या. आणि हो, फेरी मारून आल्यावर चाकांच्या रिम्सजवळ हात नेऊन बघा (जपून). एकच जास्त तापलेली असेल तर त्या चाकाच्या ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) चिकटत असू शकतो. रोज तीनच किलोमीटर चालवत असाल तर मात्र इंजिन नीट तापायच्या आतच फेरी संपते, त्यात गाडीचा दोष नसेलही.