मदत हवी आहे: १० वर्षांच्या मुलीला हृदयाचा एमआरआय, कान, डोळे, डाव्या हाताचा एक्स-रे… हे सगळं कशासाठी?

नदीकाठ
घाईत लिहितेय. सोमवारी सकाळी ९ ची वेळ मिळाली आहे, त्याआधी काय करायचं आणि काय नाही ते ठरवायचंय. मुलगी १० वर्षांची. दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. आजवर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि अधूनमधून फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा), क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) एवढंच होत होतं. आता नव्या डॉक्टर बाईंनी ही यादी हातात दिली: हृदय आणि यकृताचा एमआरआय टी-टू-स्टार, टूडी इको, बाहुल्या मोठ्या करून डोळे, ऑडिओमेट्री (कानांची तपासणी), ग्लुकोज पाजून साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), व्हिटॅमिन डी, डाव्या हाताचा एक्स-रे. शिवाय वाढ बघायला कपडे काढून तपासावं लागेल म्हणाल्या, ते तर अजिबात पटलेलं नाही. तिला ऐकू नीट येतं, दिसतं नीट, हात कधी मोडलेला नाही. फेरिटिन उलट कमी झालंय, २३०० वरून १८००. मग आत्ताच हे सगळं कशाला? एमआरआयमध्ये इंजेक्शन देतात का? ती सुईला नाही, बंद जागेला घाबरते. लवकर सांगा प्लीज.

तिठा
रक्ताचा कोणता जन्मजात आजार, थॅलेसेमिया मेजर की सिकल सेल? दर तीन आठवड्यांनी रक्त दोन्हींत चालू असू शकतं. लोह काढायची गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, कशी देता? वजन किती? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

गुंजभर
लक्षण काहीच नसताना कान-डोळे कशाला? टूडी इको करून घ्या, हृदय ठीक निघालं तर एमआरआय पुढच्या वर्षी बघा. एकदम एवढी यादी आली की मी तरी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवेन.

निळी शाई
गुंजभर, हा सल्ला धोक्याचा आहे. इकोत हृदयाचं पंपिंग दिसतं, लोह दिसत नाही. लोह साठत असतानाही पंपिंग बराच काळ नॉर्मल राहतं, आणि ते घसरलेलं दिसतं तोवर उशीर झालेला असतो. हृदयातलं लोह निघायलाही यकृतातल्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो. एमआरआयने लोह मोजायची टी-टू-स्टार पद्धत २००१ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी मांडली ती याच अडचणीवर.

नदीकाठताई, हिशोब असा. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. तीन आठवड्यांना एक पिशवी धरली तर वर्षाला १७ पिशव्या, साडेतीन-चार ग्रॅम लोह. शरीर स्वतःहून दिवसाला जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं गोळीने निघालं नाही तर आधी यकृतात, मग हृदयात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी, थायरॉइड, स्वादुपिंड या ग्रंथींत बसतं. तुमची यादी नेमकी याच जागांची आहे. फेरिटिन हा फक्त अंदाज. ताप, जंतुसंसर्ग, यकृताची सूज यांत ते एरवीही वर जातं, आणि हृदयातल्या लोहाशी त्याचा मेळ बसेलच असं नाही. २३०० कधीचं होतं? तेव्हा ताप वगैरे होता का?

नदीकाठ
हो, थॅलेसेमिया मेजर, मला वाटलं लिहिलंय. गोळी डेफेरासिरॉक्स ५०० ची, रोज एक, सकाळी दुधात घोळवून देते, नाहीतर घेत नाही. वजन २६. २३०० आलं तेव्हा ताप होता, टायफॉइड निघाला होता. पण माझा प्रश्न तपासण्यांचा आहे, गोळीचा नाही.

तिठा
गोळीचाच आहे. ५०० ला २६ ने भागा, किलोला १९ मिलिग्रॅम येतात. पाण्यात विरघळणाऱ्या गोळीचा नेहमीचा डोस किलोला २० ते ४० मिलिग्रॅम, आणि रक्त सतत चालू असलेल्या मुलांना बहुतेक वेळा ३० च्या आसपास लागतो. हा डोस तिचं वजन किती असताना ठरला होता? मूल वाढत गेलं आणि गोळी तीच राहिली, हे फार घरांत होतं. पण स्वतःहून वाढवू नका. आधी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि यकृताचे आकडे बघूनच डोस बदलतात.

दुसरं, दूध नको. दुधात आणि सोड्यात फेस होतो, गोळी नीट विरघळत नाही आणि तळाशी गाळ राहतो. साधं पाणी, संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस चालतो. १ ग्रॅमच्या आतल्या डोसला १०० मिली, त्याहून मोठ्या डोसला २०० मिली. पांढरट गढूळ होईपर्यंत ढवळायचं, प्यायल्यावर पेल्यात थोडं पाणी घालून खळबळून तेही प्यायला द्यायचं. उपाशीपोटी, जेवणाच्या निदान अर्धा तास आधी. अॅल्युमिनियमवालं अँटासिड त्यासोबत नको. उलट्या-जुलाब किंवा ताप असेल, पाणी पोटात ठरत नसेल, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मुलांच्या किडनीला तेव्हाच मार बसतो.

ओ_निगेटिव्ह
गोळी फिल्म-कोटेड तर नाही ना? तिचा डोस वेगळा असतो, किलोला १४ ते २८. पाकीट बघून सांगा, नाहीतर गोंधळ होईल.

तिठा
फिल्म-कोटेड ९०, १८०, ३६० अशा मापात मिळतात. ५०० म्हणजे विरघळणारीच. तरी पाकीट सोमवारी बरोबर न्या.

रानजाई
गव्हांकुराचा रस रोज ३० मिली उपाशीपोटी आणि बीट-डाळिंब सुरू करा. रक्ताचं अंतर वाढतं. तपासण्यांच्या मागे लागण्यापेक्षा मूळ सुधारा.

निळी शाई
रानजाई, या आजारात लोहाची किंवा पोषणाची कमतरता नसते. हिमोग्लोबिनची बीटा साखळीच जनुकामुळे बनत नाही, बीट-डाळिंबाने ती कशी बनेल? आणि अंतर वाढवायच्या नादात रक्ताआधीचं हिमोग्लोबिन ९ च्या खाली गेलं की मज्जा आणि प्लीहा मोठे व्हायला लागतात, गालाची-कपाळाची हाडं बदलतात. ते ९.५ ते १०.५ च्या दरम्यान हवं. ताई, घरात टॉनिकची बाटली असेल तर तिच्यात लोह नाही ना तेवढं बघा. जेवणासोबत कोरा चहा दिला तर अन्नातलं लोह थोडं कमी शोषलं जातं, बास.

आता तुमचे प्रश्न.

एमआरआय: हृदय-यकृताच्या लोहासाठी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. केंद्राने आपल्या सवयीने लावायचं म्हटलं तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून विचारा. १० वर्षांच्या मुलीला भूल सहसा लागत नाही. याच वयापासून तो सुरू करतात, कारण आता मूल सांगितल्यावर निपचित पडून राहू शकतं. छातीला ईसीजीच्या चकत्या चिकटवतात. मग "श्वास सोड, थांब" असं सांगून १० ते १५ सेकंद, आणि असं बऱ्याचदा. सराव घरी करून घ्या: जमिनीवर पाठीवर झोपवायचं, हाताची घडी नको, तुम्ही १२ पर्यंत मोजायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. श्वास मध्येच सुटला तर चित्र हलतं आणि परत घ्यावं लागतं, आणि पोरांना तेच नकोसं होतं. मशीन जोरात ठोकल्यासारखं वाजतं, ते मोबाइलवर आधी ऐकवा. क्लिपा, पैंजण, कानातलं, तांब्याचा ताईत, धातूची बटणं सगळं घरीच काढा. बंद जागेची भीती असेल तर पाय धरून आईला आत उभं राहू देतात का, ते फोनवर आधीच विचारा. देत असतील तर तुमच्याही मंगळसूत्राचा, पिनांचा विचार करून जा.

मशीन १.५ टेस्लाचं (ही चुंबकाची ताकद) हवं, कारण नेहमीच्या मर्यादा त्यावरच्या आहेत. हृदयाचा आकडा मिलिसेकंदांत येतो: २० च्या वर ठीक, १० ते २० मध्ये लोह साठतंय, १० च्या खाली हृदय निकामी होण्याचा धोका. यकृताचा आकडा ग्रॅमला मिलिग्रॅममध्ये: ७ च्या खाली बरं, १५ च्या वर गंभीर. वेळ ठरवतानाच विचारा, "रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे लिहून देणार ना?" नुसतं "सौम्य साठा" असं लिहिलेल्या कागदाची पुढच्या वर्षी तुलना होत नाही. सीडी मागून घ्या आणि दर वर्षी तेच केंद्र ठेवा.

नदीकाठ
एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. कपडे काढण्याचं काय? आणि हाताच्या एक्स-रेचं?

निळी शाई
डावा हात: मनगटाच्या आणि बोटांच्या हाडांमधल्या वाढीच्या चकत्या बघून हाडाचं वय काढतात. तुलनेच्या तक्त्यातली चित्रं डाव्या हाताची असतात, म्हणून तोच. किरणोत्सर्ग नगण्य. १० वर्षांच्या मुलीचं हाड ७ चं निघालं तर वाढ मागे पडतेय.

कपडे: वयात येण्याची वाढ सुरू झाली का, छातीचा कोणता टप्पा आहे हे बघतात. पिट्युइटरीत लोह बसलं की हीच वाढ अडते. १३ व्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरूच झाली नाही तर उशीर मानतात, म्हणून १० ला नोंद करून ठेवायची. एकदा बघून नोंदवायचं, मिनिटभराचं काम. तुम्ही आत थांबायचं, डॉक्टर बाई असाव्यात किंवा बाई कर्मचारी हजर असावी, हे मागणं तुमचा हक्क आहे. एका वेळी एकच भाग उघडायचा, बाकी चादर. मुलीला आदल्या दिवशी तुमच्या शब्दांत सांगा आणि ती "आज नको" म्हणाली तर पुढच्या भेटीत करा, त्याने काही अडत नाही. बाकीच्या यादीला मात्र हे लागू नाही.

ओ_निगेटिव्ह
ग्लुकोजबद्दल कुणी बोललं नाही. लॅबवाले मुलालाही सवयीने ७५ ग्रॅम पाजतात. मुलांना किलोला १.७५ ग्रॅम, २६ किलोला साधारण ४५ ग्रॅम, जास्तीत जास्त ७५. चिठ्ठीवर ग्रॅम लिहून घ्या. ८ तास उपाशी, पाणी चालतं, पाच मिनिटांत संपवायचं, दोन तास पळायचं नाही. उलटी झाली तर तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी परत. कुणी "त्याऐवजी एचबीए-वन-सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) करा" म्हणालं तर नको म्हणा: दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त येतं, त्यामुळे तो आकडा तिचा राहतच नाही.

आणि रक्त ल्युकोरिड्यूस्ड, म्हणजे पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं, मिळतं का? पेढीतच गाळलेलं हवं, खाटेजवळच्या फिल्टरपेक्षा चांगलं. साठवणीत पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात ती आधीच टळतात, हुडहुडी कमी होते. आरएच-केल (रक्ताचे उपगट) जुळणीही विचारा.

गुंजभर
तो प्रश्न कुणी विचारलेला नाही. कान-डोळ्यांचं माझं उत्तर अजून मिळालेलं नाही.

तिठा
देतो. डेफेरासिरॉक्सच्या माहितीपत्रकातच सुरू करण्याआधी आणि मग दर वर्षी कान-डोळे तपासा असं आहे. डेस्फेराल (लोह काढायचं इंजेक्शन) टोचत असाल तर अजूनच गरज. कानाचा तोटा आधी वरच्या पट्टीत होतो, ८००० हर्ट्झकडे. बोलणं त्याखाली असल्यामुळे घरात कळत नाही. जायच्या आधी कानातला मळ काढून घ्या, सर्दी असेल तर पुढे ढकला, नाहीतर आकडे उगाच खाली दिसतात. मूल आवाज आला की बटण दाबतं, दुखत नाही.

डोळ्यात भिंगावरची धूसरता आणि पडद्याचे बदल बघतात. थेंब टाकल्यावर जवळचं काही तास धूसर, उन्हाचा त्रास. टोपी न्या. ग्लुकोजचं सकाळी आधी करा, डोळे शेवटी, म्हणजे मध्ये वाचत-चित्र काढत बसता येईल. एमआरआय वेगळ्या दिवशी.

वाळवण
दिव्यांग कार्ड काढलं का? २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमिया आहे. आणि भावंड असेल तर मज्जा प्रत्यारोपणासाठी एचएलए (जुळणीची तपासणी) करा, जुळायची शक्यता चारात एक. कोल इंडियाची २०१७ पासूनची थॅलेसेमिया बाल सेवा योजना प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत मदत करते. औषधांपेक्षा तेच बघा.

निळी शाई
प्रत्यारोपणासाठीही यकृत किती खराब झालंय आणि गोळी किती नियमित चालली हेच विचारतात. म्हणून एमआरआय टाळून तो रस्ताही सोपा होत नाही.

नदीकाठ
जुनी फाइल काढली. ५०० चा डोस सुरू झाला तेव्हा वजन १८ किलो लिहिलंय. म्हणजे तेव्हा किलोला जवळजवळ २८. कुणीच बघितलं नाही, मीही नाही. सोमवारी आधी हाच कागद दाखवते. ग्लुकोज, कान, डोळे, रक्त आणि एक्स-रे त्याच दिवशी, एमआरआयला १.५ टेस्लावालं केंद्र फोन करून शोधतेय. आज सकाळी पाण्यात दिली, तोंड वाकडं केलं पण प्यायली.

तिठा
डोस बदलला तर पहिला महिना दर आठवड्याला क्रिएटिनिन, मग महिन्याला एकदा. वहीत तारखेपुढे वजनही लिहा.

चांदणचुरा
धागा वर आहे म्हणून इथेच विचारते. मुलगा केल्फर (लोह काढायची दुसरी गोळी) घेतो, लघवी लालसर होते, ते चालतं का? काल रात्रीपासून १०१ ताप आहे.

निळी शाई
लघवीचा लाल रंग केल्फरमुळे येतो, त्याची काळजी नाही. ताप मात्र थांबवून ठेवायचा नाही. केल्फरने काही मुलांच्या पांढऱ्या पेशी अचानक कोसळतात. पुढची गोळी देऊ नका, आत्ताच सीबीसी करा आणि रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती ते बघा. रविवार असला तरी कॅज्युअल्टीत जा, "केल्फर चालू आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. आकडा आला की इथे लिहा.