मदत हवी आहे: शेंगदाण्याच्या हलव्याला काटा कसा आणायचा?

नमस्कार मंडळी. संक्रांतीला भाच्याचं पहिलं बोरन्हाण आहे आणि हलवा घरीच करायचा ठरवलंय. तिळाचा हलवा मस्त काटेरी होतोय, पण शेंगदाणे आणि काजूच्या तुकड्यांवर साखर नुसती गुळगुळीत बसते, काटा काही धरत नाही.

करते अशी: दाणे मंद आचेवर भाजून, सालं काढून, पाखडून घ्यायचे. वाटीभर साखरेला अर्धी वाटी पाणी, उकळी आली की चमचाभर दूध घालून मळी काढायची आणि पाक एकतारीच्या जरा अलीकडेच उतरवून गाळायचा. मग परात अगदी मंद आचेवर ठेवून चमचाभर पाक सोडायचा, बोटांनी हलवत राहायचं, कोरडं झालं की पुढचा चमचा. तिळावर लगेच बारीक टोकं उठतात, बघायलाही किती छान वाटतं! दाण्यांच्या बाबतीत मात्र परातीत साखरेचा भुगा साठतो आणि दुसऱ्या दिवशी वरचं कवच टिचतं. मला संशय दाण्यातल्या तेलाचा आहे.

दाण्यांना आधी डिंकाच्या पाण्याचा हात लावून वाळवायचे का? पाक कोमट हवा की गार? आम्ही मालवणला राहतो, इथे हवा दमट, तर रात्री हलवा डब्यात झाकावा की उघडाच ठेवावा? भाच्याला घालायच्या हलव्याच्या दागिन्यांत मुकुट आणि बाजूबंदासाठी मोठे दाणे लागणारच आहेत. ज्यांनी स्वतः केलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.