जर्मनीत शिकायला जाताय? विमा पब्लिकच घ्या (मतं अपेक्षित, भांडणं चालतील)

कोथरूडकर
भाचीचं ड्रेस्डेनला मास्टर्सचं पक्कं झालंय. एपीएस (भारतीय पदव्यांची जर्मनीने घेतलेली पडताळणी) झालं, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (वर्षाच्या खर्चाचे पैसे, दरमहा ठरावीकच काढता येतात) ११,९०४ युरो भरून झाले, व्हिसाही हातात आला. तिथे आरोग्य विमा दोन तऱ्हेचा: कायद्याने चालणारा सार्वजनिक, म्हणजे पब्लिक, आणि खासगी कंपन्यांचा प्रायव्हेट. आता एजंट मागे लागलाय: "पब्लिकला महिन्याला दीडशे युरो कशाला घालता? आपली प्रायव्हेट पॉलिसी चाळिसात बसते."

माझं मत स्पष्ट आहे. वय तिशीच्या आत असेल तर टीके, एओके, बार्मर (या पब्लिक विमा कंपन्या), कुठलीही चालेल, पण पब्लिकच. कारण एजंट जे हळूच सांगतो (किंवा सांगतच नाही) ते असं: प्रायव्हेट घ्यायची तर पब्लिकमधून सूट मागावी लागते. तिला तिथे बेफ्राययुंग म्हणतात. मुदत शिक्षण सुरू झाल्यापासून तीन महिने. एकदा ती सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत मागे फिरता येत नाही. तिसऱ्या सेमिस्टरला दुखणं निघालं आणि "आता पब्लिकमध्ये घ्या" म्हणालात, तर दार बंद.

बोला.

हिशेबी_नाशिककर
असहमत. ११० युरोंचा फरक, दोन वर्षं धरा, म्हणजे २,६४० युरो. रुपयांत अडीच लाखांच्या घरात. ज्याच्या बापाने घर तारण ठेवून कर्ज काढलंय त्याला हा आकडा सांगा आणि मग "पब्लिकच" म्हणा. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातून म्युनिकमध्ये खोलीचं भाडं दिलं की उरतं किती? तेवीस वर्षांचा धडधाकट पोरगा सर्दीला डॉक्टरकडे गेला तरी तिथे गरम पाणी पी आणि झोप असंच सांगतात. त्यासाठी दीडशे?

दंतकथा
@हिशेबी, सर्दीचा हिशेब बरोबर आहे. दाढेचा करून बघा. स्वस्त पॉलिसीत दातांची वर्षाची मर्यादा किती, ते कलम वाचलंय का कुणी? जुनी दुखणी, बाळंतपण, मानसोपचार ही तीन कलमंही वाचा. बऱ्याच ठिकाणी "वगळले आहे" एवढंच लिहिलेलं असतं. शिवाय प्रायव्हेटमध्ये बहुतेक वेळा बिल आधी आपण भरायचं, पैसे मागाहून. पब्लिकचं कार्ड मशीनमध्ये घातलं की विषय संपला. हॉस्पिटलात राहिलात तर आपण भरायचे दिवसाला १० युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे.

खरं सांगायचं तर पब्लिकही सगळं फुकट देत नाही. दाताला कॅप बसवायची तर ठरावीक प्रमाणित खर्चाच्या ६० टक्के मिळतात, वरचे खिशातून.

तीस_पार
धाग्याचं शीर्षक वाचून डोकं फिरलं. मी बत्तीसचा, नोकरी सोडून मास्टर्सला चाललोय. मला विद्यार्थी दर मिळतच नाही, आणि भारतातून थेट आलेल्याला पब्लिकचा ऐच्छिक सभासदही होता येत नाही, कारण त्याला आधीचा विमाकाळ लागतो. स्टुडिएनकोलेग (युनिव्हर्सिटीआधीचा तयारीचा कोर्स) किंवा नुसत्या भाषेच्या कोर्सला येणाऱ्यांचीही तीच गत. आम्हाला "प्रायव्हेट घेऊ नका" म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला "बुडू नको" सांगण्यासारखं. त्यापेक्षा *कुठलं* प्रायव्हेट ते बोला. प्रवासी विम्याच्या धर्तीची 'इनकमिंग' पॉलिसी वेगळी आणि पूर्ण प्रायव्हेट विमा वेगळा. एजंट दोघांना एकाच नावाने हाक मारतो.

कोथरूडकर
@तीस_पार, मान्य, म्हणून तर "वय तिशीच्या आत" म्हटलंय. पण "पूर्ण आणि इनकमिंग" हा भेद धाग्यातच यायला हवा होता, खरंय. इनकमिंगवाल्याने आणखी एक ध्यानात ठेवावं: राहण्याचा परवाना वाढवताना परदेशी नागरिक कार्यालयातला अधिकारी पॉलिसीची कलमं वाचायला बसला, तर पुरेशी नाही म्हणून परतही पाठवतो.

हिशेबी_नाशिककर
तरी नोकरी लागली की आपोआप पब्लिकमध्ये जातातच ना सगळे? मग दोन वर्षांपुरती काटकसर केली तर बिघडलं कुठे?

दंतकथा
नोकरी *लागली* की. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, तेव्हाचं काय? आधी पब्लिकमध्ये असलेला ऐच्छिक सभासद म्हणून पुढे चालू ठेवतो. महाग पडतं, २०० युरोंच्या वर जातं, पण राहता येतं. सूट घेतलेला मात्र त्या काळातही प्रायव्हेटच्याच दारात. सध्या तिथे नोकऱ्यांचा बाजार कसा आहे ते इथल्या पोरांनाच विचारा.

चिंतातुर_आई_सांगली
भांडण चालू द्या, माझा प्रश्न साधा आहे. मुलगा सप्टेंबरच्या मध्यावर उडतोय, सेमिस्टर १ ऑक्टोबरला. मधल्या दिवसांचं काय?

दंतकथा
ताई, पब्लिक विमा सेमिस्टर किंवा प्रवेशाच्या तारखेपासून लागू होतो. आधीच्या दिवसांसाठी इथूनच प्रवासी विमा काढा, व्हिसालाही तो लागतोच. फक्त तोच वर्षभराचा काढून "झालं काम" म्हणू नका. युनिव्हर्सिटीला विम्याची स्थिती पब्लिक कंपनीच ऑनलाइन कळवते, सूट घेतलेल्यांचीसुद्धा. तो निरोप पोचल्याशिवाय प्रवेश पुरा होत नाही.

म्हापशेकार
अवांतर: आमच्या गोव्यात पुष्कळ जणांकडे पोर्तुगीज पासपोर्ट. नुसत्या पासपोर्टावर युरोपचं हेल्थ कार्ड मिळतं असा गोड गैरसमज आहे. मिळत नाही. पोर्तुगालच्या आरोग्य व्यवस्थेत नोंद असेल तरच.

आणि लग्न झालेल्यांनो, पब्लिकमध्ये बिनकमाईची बायको किंवा नवरा त्याच हप्त्यात फुकट बसतो. हिशेबीराव, हे २,६४० मधून वजा केलं का?

हिशेबी_नाशिककर
आमचा पोरगा तेवीस वर्षांचा आहे हो. बायको कुठून आणू?