मदत हवी: ०५८८२३५२९४११७६४७ ही संख्या फिरते, मग १३ ची का फिरत नाही?

नमस्कार मंडळी,

भाची नववीत आहे. आवर्ती दशांश समजावताना तिला १ भागिले ७ मधल्या १४२८५७ ची गंमत दाखवली. २ ने गुणलं की २८५७१४, अंक तेच, नुसते गोल फिरलेले. लगेच पुढचा प्रश्न: "मामा, याहून मोठी नाही का?" म्हणून १ भागिले १७ करत बसलो. सोळा अंकांनी आवर्तन पूर्ण झालं: ०५८८२३५२९४११७६४७. सुरुवातीचं शून्य धरायचंच, नाहीतर सगळं बिघडतं.

आधी स्प्रेडशीटमध्ये २ ने गुणलं, तर शेवटी ४ ऐवजी ० आलं. अर्धा तास स्वतःचीच चूक शोधत होतो. मग कळलं, तिथे पंधराच अंक टिकतात. शेवटी चौकटीच्या वहीत हाताने केलं: ११७६४७०५८८२३५२९४. २ पासून १६ पर्यंत कशानेही गुणा, तेच वर्तुळ. १७ ने गुणलं की सोळाच्या सोळा नऊ! मधोमध तोडून ०५८८२३५२ आणि ९४११७६४७ यांची बेरीज केली तरी नऊच नऊ.

असं का, ते थोडंफार उमगलंय. भागाकारात बाकी १, १०, १५, १४, ४, ६... करत १ ते १६ सगळ्या एकेकदा येऊन जातात. बाकी २ उरते तिथून पुढचे अंक वाचले की दुपटीचं उत्तर तयार.

अडलोय ते १३ वर. ०७६९२३ ला ३ ने गुणलं तर फिरते, २ ने गुणलं तर १५३८४६, अंकच वेगळे. कोणत्या मूळ संख्येला जमेल हे अख्खा भागाकार न मांडता ओळखता येतं का? रविवारी ती परत येणार आहे, आणि २९ चे अठ्ठावीस अंक काढायची माझ्यात हिंमत नाही.

प्रतिसाद:
१३ च्या बाक्यांच्या दोन टोळ्या पडतात: १, १०, ९, १२, ३, ४ आणि २, ७, ५, ११, ६, ८. एकीतून दुसरीत जायला वाट नाही. तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, २ आणि ५ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्यातून १ वजा केल्यावर जे येतं त्याला आवर्तनाच्या लांबीने भाग जातोच. म्हणून १७ साठी लांबी १, २, ४, ८ किंवा १६. ९ हा अंक आठ वेळा लिहून १७ ने भागा; आवर्तन आठात संपत असतं तर बाकी शून्य आली असती, पण १५ उरतात. म्हणजे आठ बाद, त्याबरोबर आठला भाग जाणारे १, २, ४ ही बाद. राहिले १६. १३ ने मात्र ९९९९९९ लाच पूर्ण भाग जातो, खेळ तिथेच संपतो. बघताक्षणी सांगणारं सूत्र नाही. १७ सारख्या पूर्ण फिरणाऱ्या मूळ संख्या अनंत असाव्यात हा गणितज्ञ एमिल आर्टिन यांचा १९२७ चा अंदाजसुद्धा अजून सिद्ध व्हायचाय.

धागाकर्ता:
वा! १९ करून बघितला. ६ आणि ९ तपासले. सहा नऊ घेतले तर १० उरले, नऊ नऊ घेतले तर १७. म्हणजे अठरा अंकी नक्की. २९ साठी ४ आणि १४ बघायचे ना? चौदा नऊ वहीत लिहून ठेवलेत.