रसायनशास्त्राच्या पदवीची पूर्वतयारी : आधी काय पक्के करावे?

प्रश्न

नमस्कार. पुढच्या सत्रापासून मी विद्यापीठात विज्ञानाच्या पदवीसाठी प्रवेश घेत असून मुख्य विषय म्हणून रसायनशास्त्र निवडण्याचा माझा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. शालेय परीक्षांत या विषयात गुण चांगले मिळाले. परंतु तिथे विचारल्या जाणाऱ्या अभिक्रिया ओळखीच्या असत. अनोळखी अभिक्रिया समोर आली, तर तिच्यातून काय तयार होईल हे तर्काने काढता येईल, असा विश्वास मला अजून वाटत नाही. हाताशी काही महिने मोकळे आहेत. या काळात सेंद्रिय रसायनाचे पदवीचे पुस्तक वाचायला घ्यावे, की गणिताकडे लक्ष द्यावे, याचा निर्णय होत नाही. प्रयोगशाळेत काम करण्याची संधी फारशी मिळालेली नाही, त्याचीही काळजी वाटते. ज्यांनी हा विषय शिकला किंवा शिकवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला सामान्य रसायन शिकवतो. पुढचे पुस्तक आधीच वाचून संपवण्याच्या मागे तुम्ही लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या सत्रात विद्यार्थी नव्या संकल्पनांपाशी क्वचितच अडतात. ते अडतात मोल, एकके, लॉगरिदम आणि रासायनिक समतोल यांपाशी, म्हणजे ‘हे तर झालेच आहे’ असे समजून ज्यांच्याकडे पुन्हा वळून पाहिलेले नसते त्या गोष्टींपाशी.

एक उदाहरण सविस्तर देतो. अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळताना भांडे हाताला गार लागते, कारण एका मोलामागे सुमारे २६ किलोजूल उष्णता शोषली जाते. मग उष्णता शोषणारी ही क्रिया आपोआप का घडते? विरघळताना एन्ट्रॉपी, म्हणजे कणांच्या विखुरलेपणाचे माप, मोलमागे प्रति केल्विन सुमारे १०८ जूलने वाढते. या वाढीला २९८ केल्विन या तापमानाने गुणले की सुमारे ३२ किलोजूल मिळतात. २६ मधून ते वजा केल्यावर गिब्ज ऊर्जेतील बदल उणे ६ किलोजूलच्या आसपास येतो, आणि तो ऋण असल्यामुळे क्षार विरघळतो. आता पाहा, एन्थाल्पी (इथे शोषलेली उष्णता) किलोजूलमध्ये दिलेली असते आणि एन्ट्रॉपी जूलमध्ये. हा फरक ध्यानात न घेता आकडे तसेच सूत्रात घातले, तर उत्तर उणे ३२ हजारांच्या घरात जाते, आणि तरीही चिन्ह ऋणच आल्यामुळे काही चुकले आहे असा संशयसुद्धा येत नाही. प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहूनच गणित पुढे न्यायचे, ही सवय या मोकळ्या महिन्यांत लागली, तर तिचा उपयोग शेवटच्या वर्षापर्यंत होईल.

असाच दुसरा प्रश्न. एका लिटरमध्ये दहाचा उणे आठवा घात इतके मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या द्रावणाचा सामू (पीएच) किती? सूत्रात आकडा घातला की ८ येतो. परंतु पाण्यात आम्ल मिसळल्यावर द्रावण अल्कधर्मी कसे होईल? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन इथे आम्लाच्या आयनांपेक्षा जास्त आहेत. ते हिशेबात धरले की उत्तर सुमारे ६.९८ येते. हाती आलेले उत्तर संभवनीय आहे का, हे विचारण्याची सवय मला पाठ असलेल्या शंभर अभिक्रियांपेक्षा मोलाची वाटते. तुम्हाला हवा असलेला विश्वास याच वाटेने येतो.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र गणिताचा मुद्दा त्यात थोडक्यात आटोपला आहे, म्हणून भर घालते. मी भौतिक रसायनात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. गणित कच्चे राहिल्यास त्याचा फटका पहिल्या वर्षी बसत नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बसतो, आणि तेव्हा मागे जाऊन शिकायला सवड नसते. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा वेग समजण्यासाठी साधे संकलन (इंटिग्रेशन) लागते, ऊष्मागतिकीत आंशिक विकलन (डिफरन्शिएशन) पदोपदी येते, आणि पुंजयांत्रिकीला (क्वांटम मेकॅनिक्सला) विकलक समीकरणांशिवाय हातच घालता येत नाही. त्यामुळे विकलन आणि संकलन आत्ताच हातात बसवावे आणि पुढे रेषीय बीजगणिताचा एक अभ्यासक्रम अवश्य घ्यावा.

गणित हे रसायनाच्या वाटेतले ओझे आहे, असा समज कृपया करून घेऊ नका. एथीन सुमारे १७१ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते, ब्यूटाडाईन २१७ आणि हेक्झाट्राईन २५८ नॅनोमीटरचा. एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी लांबत गेली की शोषण अधिक लांब तरंगलांबीकडे का सरकते? ‘पेटीतला कण’ हे पुंजयांत्रिकीतले अगदी पहिले गणित सांगते की पेटीची (इथे त्या साखळीची) लांबी वाढली की ऊर्जापातळ्यांमधले अंतर कमी होते, म्हणून शोषलेल्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते. असे ११ दुहेरी बंध सलग असलेले बीटा-कॅरोटीन निळा प्रकाश शोषते आणि म्हणून आपल्याला केशरी दिसते. हे प्रारूप ढोबळ आहे, आकडे तंतोतंत जुळत नाहीत. तरीही एखाद्या पदार्थाचा रंग समीकरणातून उलगडताना पाहिला की गणिताविषयीची भीती पुष्कळ ओसरते.

तिसरे उत्तर

सेंद्रिय रसायनाविषयी लिहितो, कारण प्रश्नातली मुख्य शंका त्याच्याशी जोडलेली आहे. नावे असलेल्या अभिक्रियांच्या याद्या आधीच पाठ करण्याने फारसे हाती लागणार नाही. त्याऐवजी कागद-पेन्सिल घेऊन रेणूंच्या रचना काढाव्यात, प्रत्येक अणूवरच्या न वापरलेल्या इलेक्ट्रॉन जोड्या दाखवाव्यात, आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे वक्र बाणांनी काढण्याचा सराव करावा. बाण नेहमी इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो. तो धनप्रभारापासून काढला जात असेल, तर विचारच उलट्या दिशेने चालला आहे असे समजावे.

दोन पदार्थ शेजारी ठेवून पाहा. मिथाइल ब्रोमाइडवर हायड्रॉक्साइडची अभिक्रिया होताना हायड्रॉक्साइडची संहती (द्रावणातील प्रमाण) दुप्पट केली की वेगही दुप्पट होतो. पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये टर्शरी ब्यूटाइल ब्रोमाइडला विरल हायड्रॉक्साइड दिले, तर त्याची संहती वाढवूनही वेगात जवळजवळ फरक पडत नाही. दोन्हीकडे ब्रोमीनच बाहेर पडतो, मग हा भेद का? पहिल्या रेणूत कार्बनची पाठ मोकळी असते, त्यामुळे हायड्रॉक्साइड मागून येऊन जोडला जात असतानाच ब्रोमीन सुटतो. दुसऱ्यात तीन मिथाइल गटांनी वाट अडवलेली असते, पण तेच गट धनप्रभारित कार्बनला स्थैर्य देतात. म्हणून ब्रोमीन आधी स्वतःहून सुटतो, आणि या संथ टप्प्यात हायड्रॉक्साइडचा सहभागच नसतो. एडवर्ड ह्यूज आणि ख्रिस्तोफर इन्गोल्ड यांनी १९३० च्या दशकात वेगाच्या अशाच मोजमापांवरून या दोन यंत्रणा वेगळ्या ओळखल्या. ही तुलना स्वतः कागदावर काढून, न पाहता कुणाला तरी समजावून सांगता आली, की पूर्वी न पाहिलेल्या हॅलाइडबद्दलही (ब्रोमीनसारखा अणू असलेल्या अशा रेणूबद्दलही) तुम्ही साधार अंदाज बांधू शकाल. शक्य असल्यास रेणूंच्या प्रतिकृतींचा संच जवळ ठेवावा. ‘मागून येणे’ म्हणजे काय, हे सपाट कागदावर सगळ्यांनाच दिसत नाही.

प्रश्नकर्तीकडून

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. सामूचे उदाहरण मी स्वतः सोडवून पाहिले. पाण्याचे आयन कुठल्या पायरीवर धरायचे, हे समजायला वेळ लागला, पण समजले. प्रयोगशाळेविषयी कुणी लिहू शकेल का? शिवाय, रसायनशास्त्राऐवजी जीवरसायनशास्त्र घ्यावे का, असाही विचार मधून मधून येतो. तो निर्णय आत्ताच करणे आवश्यक आहे का?

चौथे उत्तर

मी वैश्लेषिक रसायनाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक घेते. उपकरणे हाताळण्याचे कौशल्य आम्ही शिकवतोच. ते घेऊन यावे अशी कुणाचीच अपेक्षा नसते. कृतीमागचे कारण शोधण्याची वृत्ती मात्र आधीपासून असलेली बरी. टायट्रेशनपूर्वी (एका द्रावणाने दुसऱ्याची संहती मोजण्यापूर्वी) ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणाने भरायचे त्याच द्रावणाने खळबळून घेतात, पण शंकुपात्र केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात आणि ते ओले राहिले तरी चालते. असे का? ब्युरेटमध्ये पाणी उरले तर द्रावण विरल होते आणि लागणारे आकारमान वाढते. पिपेटमध्ये पाणी उरले तर पात्रात कमी मोल पडतात. शंकुपात्रात मात्र पिपेटने मोल आधीच मोजून टाकलेले असतात; पाण्याने संहती बदलली तरी त्यांची संख्या तेवढीच राहते. हेच खळबळणे द्रावणाने केले, तर न मोजलेले मोल आत शिरतात. पहिल्या उत्तरात मोलवर जो भर दिला आहे, त्याची गरज इथे प्रत्यक्ष दिसते.

नोंदींबाबत एवढेच सांगते की उपकरणावरचे वाचन थेट वहीत, शाईने आणि एककासह लिहावे. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा, म्हणजे तो वाचता येतो. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग काही वेळाने नाहीसा झाला, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे तसे होऊ शकते, हे ठाऊक असावे. नाहीतर अंतिम बिंदू उलटून गेल्यावरही द्रावण पडत राहते.

विषयाच्या निवडीची आत्ता घाई नको. सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन, विकलन-संकलन आणि भौतिकशास्त्र हा पाया दोन्ही विषयांना बहुतेक सारखाच लागतो. तुमच्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्रासाठी पहिल्याच वर्षी जीवशास्त्राचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे का, तेवढे प्रवेशापूर्वी तपासा आणि असल्यास तो घेऊन ठेवा. मग दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, दोन्हींची प्रात्यक्षिके थोडी अनुभवून झाल्यावर, निर्णय घेता येईल.